परसातल्या आलूवरचा करपा आणि घरी केलेलं बोर्डो मिश्रण: आठ महिन्यांचा अनुभव

आम्ही वर्धा जिल्ह्यातले. घरामागं थोडं परस आहे, त्यात हिवाळ्यात आठ सऱ्या आलू लावतो. मागच्याच्या मागच्या डिसेंबरात आभाळ आलं, सकाळी नऊपर्यंत धुवारी (धुकं) हटेना, आणि पाच दिवसांत सगळ्या सऱ्या काळ्या पडल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "धुवारीनं मारलं वं माय, आता काही होत नाई." दुकानात नुसतं 'करपा' सांगून जी पुडी मिळाली ती फवारली, पण झाडं गेलीच. 6 किलो बेण्याचे 9 किलो आलू निघाले. त्यातले अर्धे आतून तपकिरी होते, ते आठवडाभरात पोत्यातच सडले. तो वास मी विसरणार नाही.

म्हणून गेल्या जुलैपासून मी घरीच बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीवरचं औषध, करते. पावसाळ्यात टमाट्यावर मारलं, मग आलूवर. टमाट्यावर आणि आलूवर येणारा हा रोग एकच आहे, हेही मला तेव्हाच समजलं. आमचा टमाट्याचा वाफा आलूला लागूनच होता. आता तो दुसऱ्या टोकाला नेला.

करपा दोन तऱ्हेचा असतो. लवकर येणारा खालच्या जुन्या पानांवर दिसतो: तपकिरी ठिपका, त्यात वर्तुळात वर्तुळ. तो हळू चालतो. उशिरा येणारा मात्र झाड घेऊन जातो. पानाच्या कडेला उकळतं पाणी सांडल्यासारखा डाग पडतो आणि दोन दिवसांत काळा होतो. उजाडता उजाडता पान उलटून पाहा, डागाच्या कडेनं पांढरी बारीक लव दिसते. ऊन चढलं की ती दिसत नाही. शंका असेल तर मी ते पान ओल्या फडक्यासोबत डब्यात रात्रभर झाकून ठेवते. सकाळी लव आली असेल तर तोच. आयर्लंडमध्ये 1845 पासून आलूचं पीक बुडून दुष्काळ पडला आणि सुमारे 10 लाख माणसं गेली, ती याच रोगानं. एका सकाळी ती लव प्रत्यक्ष पाहिली तेव्हा अंगावर काटा आला.

मिश्रण असं करते. 10 लिटरसाठी 100 ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि 100 ग्रॅम कळीचा चुना. मोरचूद रात्रीच प्लास्टिकच्या बादलीत 5 लिटर पाण्यात भिजवायचं. चुना दुसऱ्या बादलीत थोडं थोडं पाणी टाकत विझवायचा, मग 5 लिटर करायचा. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत काडीनं ढवळायचं. रंग आभाळासारखा निळा येतो. मग घासलेला इळा त्यात मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, ते पान जाळेल. अजून चुन्याची निवळी टाकायची. पहिल्या वेळी माझा चुना जुना, हवा लागून मेलेला होता. इळा लाल झाला, तरी मी फवारलं आणि टमाट्याचे शेंडे करपले. तेव्हापासून चुन्याचे खडे ताजेच आणते. लोखंडी भांडं चालत नाही, आणि केलेलं त्याच दिवशी संपवायचं.

आलूवर नोव्हेंबरअखेर पहिली फवारणी केली, झाडं वीतभर असताना, एकही डाग नसताना. पुढं दर दहा दिवसांनी, आणि आभाळ आलं की त्याआधी. पानाच्या खालच्या अंगाला लागलंच पाहिजे. हे औषध पानावर बसून राहतं, रोगाला आत शिरू देत नाही. आत शिरलेल्याला ते काही करू शकत नाही. डाग दिसल्यावर बादली भिजवणाऱ्यांची निराशाच होईल. तेव्हा कृषी सहायकांना पान दाखवून आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, औषध विचारा.

यंदाही डिसेंबरात चार दिवस धुवारी होती. कोपऱ्यातली दोन झाडं लागली, ती मुळासकट उपटून लांब पुरली. बाकी उभी राहिली. जानेवारीत मातीची भर वाढवली, कारण पानावरचं रोगाचं बी पाण्यासोबत खाली आलूपर्यंत जातं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाला इळ्यानं कापून बाहेर काढला आणि दोन आठवड्यांनी खणलं. 48 किलो निघाले. सडलेले तीन-चारच.

तक्रारी आहेत. नोझल सारखं तुंबतं, दुहेरी फडक्यातून गाळलं तरी. सऱ्यांच्या कडेचा सांबार (कोथिंबीर) निळसर झाला, तो मी खाऊ दिला नाही. आणि तांबं मातीत साचत जातं, गांडुळांना ते सोसत नाही. म्हणून कोरड्या, उन्हाच्या आठवड्यात मी पंप उचलतच नाही.

घरचे आलू बेण्यासाठी ठेवलेले नाहीत. येत्या हंगामात आलू जुन्या भेंडीच्या वाफ्यात जातील. बेणं प्रमाणित घेणार आहे, जमलं तर करप्याला टिकणारी कुफरी गिरधारी ही जात.