जाड भिंत की आरपार वारा?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावच्या एका स्नेह्यांनी वसतिगृहाचा नकाशा पुढे ठेवून विचारले की भिंती दीड फूट जाड घ्याव्यात, की समोरासमोर खिडक्या ठेवून वारा खेळवावा.

मे महिन्यात, पारा ४४ अंशांवर असताना, बाहेरचा वारा आत घेणे म्हणजे भट्टीचे दार उघडणेच. उलट जाड भिंत दिवसाची उष्णता शोषून तास न् तास अडवते आणि रात्री खिडक्या उघडल्या की निवते. आमच्या धाब्याच्या, म्हणजे जाड भिंतींच्या आणि मातीच्या सपाट छताच्या, घरातली फरशी भर दुपारी पायांना गार लागे. जुलैत मात्र त्याच घरात दांडीवरचे धोतर दोन दिवस ओलसर राही. हवा दमट असली की घाम सुकायला वाराच लागतो, शिवाय रात्रीही तापमान फारसे उतरत नसल्याने जाड भिंतीचा उपयोग उरत नाही.

खर्चात भिंत महाग, कारण तापीकाठच्या काळ्या मातीत वाढलेल्या वजनासाठी पायाही भक्कम लागतो. खिडक्या स्वस्त, पण समोरासमोरच्या खिडक्यांमधले अंतर खोलीच्या उंचीच्या पाचपटीहून अधिक असेल तर वारा पलीकडे पोहोचत नाही.

मुले उन्हाळ्यात राहणार असतील तर जाड भिंतच घ्यावी. जून ते मार्चच वापर असेल, किंवा इमारत कोकणात असेल, तर आरपार खिडक्या पुरेत.