मासेमारीच्या रॉडच्या फिनिशला ब्रश कुठला: शाळेचा की रंगाच्या दुकानातला?

सांगलीच्या आयर्विन पुलाखाली गळ टाकून बसायचं, तर रॉड स्वतः बांधलेलाच हवा, हे माझं खूळ. गाइडवर, म्हणजे गळाची दोरी ज्यातून जाते त्या रॉडवरच्या कड्यांवर, दोरा गुंडाळून झाला की वर दोन भाग मिसळून कडक होणारं इपॉक्सी लावायचं, आणि ब्रशचा प्रश्न तिथेच येतो. महागडा ब्रश घेण्यात अर्थ नाही, कारण इपॉक्सी केसांत वाळलं की तो गेलाच.

रंगाच्या दुकानातला डुकराच्या केसांचा एक इंची ब्रश स्वस्त पडतो, पण केस फार सोडतो. एकदा चिकटपट्टीने चार वेळा ओढून काढले, तरी सकाळी टिपगाइडजवळ एक काळा केस काचेत अडकल्यासारखा दिसला. ब्लेडने खरवडून पुन्हा थर द्यावा लागला. शिवाय जाड केसांत हवा अडकते आणि फिनिशमध्ये बुडबुडे येतात.

शाळेच्या चित्रकलेचा नायलॉनचा चपटा ब्रश, साधारण पाव इंची, मला जास्त पटतो. सांगलीत कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. केस मऊ, कड सरळ. रॉड हळू फिरत ठेवायचा आणि ब्रश नुसता टेकवायचा. दोराच इपॉक्सी ओढून घेतो. लगेच स्पिरिटमध्ये धुतला तर दोन-तीन रॉड निघतात. फक्त पत्र्याच्या टोपणाशी केस हलतात का, ते दुकानातच बघा.

डुकराच्या केसांचा फेकायचा नाही हं. मुठीच्या कॉर्कला गोंद फासायला तोच बरा.