स्पिनोझाचा ‘एथिक्स’, दहा रविवारांत: नाशिकच्या गंगापूर रोडवरचा वाचनवर्ग

दर रविवारी सकाळी दोन तास. हातात कर्लीचं इंग्रजी भाषांतर, चर्चा मराठीत. १६७७ मध्ये, डच तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या मृत्यूनंतर छापलेला हा ग्रंथ भूमितीच्या पुस्तकासारखा रचलेला आहे: आधी व्याख्या, मग गृहीतकं, मग विधानं. पहिल्या पानापासून सरळ वाचायला घेतला की बहुतेकांची गाडी पहिल्याच भागात रुतते. इथे आधी पहिल्या भागाचं परिशिष्ट, मग तिसऱ्या भागाची प्रस्तावना घेतात आणि पहिल्या भागातल्या ३६ विधानांकडे नंतर वळतात. हा क्रम अगदी बरोबर.

सगळ्यात जमलेली बैठक आशा-भीतीची. फळ्यावर एकच उदाहरण: लासलगावात लिलावाच्या रांगेतला कांद्याचा ट्रॅक्टर. भाव फुटेपर्यंत निकालाची शंका आहे, म्हणून आशा आणि भीती दोन्ही एकाच मनात. शंका फिटली की आशेची निश्चिंती होते किंवा भीतीची निराशा. इच्छा, हर्ष, खेद या तीन मुळांतून बाकीच्या भावना कशा फुटतात, ते यात स्वच्छ दिसतं. भावनेला आवर घालायला तिच्या उलट आणि तिच्याहून जोरकस भावनाच लागते (भाग ४, विधान ७), नुसता उपदेश पुरत नाही, हेही नीट पोचलं.

वर्गात वाटलेली टिपणं मात्र ढिली. ‘मोड’ला (मूळ द्रव्याचं एखादं रूप) ‘विकार’ आणि ‘अफेक्ट’ला (भावना) ‘मनोविकार’, तेही एकाच कागदावर! ‘मोड’साठी जैनांचा ‘पर्याय’, म्हणजे द्रव्याची अवस्था, हा शब्द बरा होता, फक्त त्यांची द्रव्यं सहा आणि स्पिनोझाचं एकच, एवढं बजावून.

‘ईश्वर अर्थात निसर्ग’ हे स्पिनोझाचं सूत्र म्हटल्यावर ‘म्हणजे अद्वैतच की’ असा सूर निघतो आणि तो खोडला जात नाही. स्पिनोझाकडे जग माया नाही. गोदावरी खरी, तिचा पूरही खरा. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं तर त्यामागे पाऊस आणि गंगापूर धरणातला विसर्ग ही कारणं असतात, हेतू नसतो. परिशिष्टाचा सगळा रोख यावरच आहे, आणि ते तर पहिल्याच दिवशी वाचलेलं असतं.

पाचवा भाग एका बैठकीत गुंडाळला. विधान २१ पासून मनाच्या शाश्वततेचा सर्वांत अवघड पट्टा लागतो; त्याला निदान दोन रविवार हवेत.

कर्ली महाग वाटला तर एल्विसचं १८८३ चं भाषांतर नेटवर फुकट आहे. त्यात ‘अफेक्ट’च्या जागी ‘इमोशन’ येतं आणि पानं जुळत नाहीत, पण विधानांचे क्रमांक तेच असतात. वर्गात तेवढ्यावर भागतं.