इंजिनाचे गेलेले आटे आणि हेलिकॉइलचा संच: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पेट्रोल हॅचबॅकच्या इंजिनात टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे) दोन बोल्ट, अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट आणि ऑइल चेंबरचा ड्रेन प्लग (जुने ऑइल काढण्याचे बूच), अशा चार भोकांचे आटे गेलेले होते. गाडी जुनी घेतलेली आहे आणि बोल्टच्या डोक्यांची अवस्था पाहता आधी कोणीतरी ते एअर गनने आवळले असावेत. या चारही भोकांत मी तारेचे आटे, म्हणजे स्प्रिंगसारखे वेटोळे बसवून भोकाला नवे आटे देणारे आणि गॅरेजमध्ये ज्याला सरसकट हेलिकॉइल म्हणतात ते, बसवले. त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला, आंबा आणि गगनबावड्याच्या घाटांतून गाडी अनेकदा फिरली आणि ऑइलही बदलून झाले. टॅपेट कव्हर आणि ब्रॅकेट यांबाबत मी पूर्ण समाधानी आहे. ड्रेन प्लगसाठी मात्र मी हा उपाय कोणालाही सुचवणार नाही.

ओतीव अ‍ॅल्युमिनियममधले आटे इतक्या सहज का जातात, हे समजून घेतल्याशिवाय कोणताही संच विकत घेऊ नये. ८.८ ग्रेडच्या बोल्टची ताणशक्ती सुमारे ८०० मेगापास्कल असते आणि ज्या अ‍ॅल्युमिनियममध्ये तो बसतो त्याची बहुधा त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. त्यातही बोल्टचा ताण सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. डोक्याकडचे पहिले दोन-तीन आटेच त्यातला मोठा भाग उचलतात, आणि पहिला आटा दबला की तो भार पुढच्यावर जाऊन सगळी माळच उसवत जाते. सहा मिलीच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा पीळ) पुरतो, तर दहा नंबरच्या पान्ह्याने जोर लावणारा हात याच्या दुप्पट टॉर्क सहज देतो. बोल्टला ऑइल लागलेले असेल तर घर्षण कमी होते आणि तेवढ्याच टॉर्कला प्रत्यक्ष ताण आणखी वाढतो, ही गोष्ट फार कमी ठिकाणी लक्षात घेतली जाते.

आपल्याकडचा रूढ उपाय म्हणजे भोक मोठे करून पुढच्या मापाचा टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) मारणे. सहा मिलीच्या जागी आठ मिलीचा बोल्ट घातला की कव्हरचे भोक, त्याखालचा रबरी वॉशर आणि बोल्टचे डोके, सगळेच बदलावे लागते आणि भोकाभोवतीची भिंत पातळ होते. सहा मिलीच्या हेलिकॉइलसाठी भोक ६.३ मिमीच्या ड्रिलने पाडतात आणि टॅपचा बाहेरचा व्यास सुमारे ७.३ मिमी येतो, म्हणजे आठ मिलीच्या आट्यांपेक्षा कमी धातू काढावा लागतो आणि बोल्ट कंपनीचाच राहतो. धातूच्या पुटीने आटे भरण्याचा प्रकार इंजिनाच्या उष्णतेत आणि ताणाखाली टिकण्यासारखा नाही. लेथवर बुश (आतबाहेर आटे असलेली भरीव नळी) करून बसवणे हा उत्तम मार्ग आहे, आणि कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात असे काम हातखंडा असलेले कारागीर आहेत. पण त्यासाठी तो भाग इंजिनावरून उतरवून मशीनवर न्यावा लागतो.

प्रत्यक्ष बसवताना सर्वांत जास्त वेळ भोक सरळ राखण्यात गेला आणि तो तसाच जायला हवा. ड्रिल जरा जरी कलले, तरी नवा आटा मजबूत असूनही बोल्टचे डोके एका बाजूनेच टेकते. म्हणून मी ड्रिलचा फिरता दांडा दोन्ही दिशांनी छोट्या गुण्याला लावून पाहत होतो. टॅपच्या खाचांत घट्ट ग्रीस भरले की अ‍ॅल्युमिनियमचा किस त्यातच चिकटून बाहेर येतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असे करत टॅप दर काही फेऱ्यांनी पूर्ण काढून पुसावा लागतो. टॅपेट कव्हरच्या भोकाशेजारीच ऑइल परतीच्या वाटा असतात, त्यामुळे त्या कापडाने बुजवल्याशिवाय ड्रिल लावूच नये. बंद तळाच्या भोकात ऑइल किंवा किस राहिला, तर बोल्ट खाली पोहोचताना तो दाब ओतीव भाग तडकवू शकतो.

तारेचे वेटोळे मोकळे असताना भोकापेक्षा थोडे मोठे असते, आणि आत गेल्यावर स्प्रिंगसारखे बाहेरच्या बाजूला दाबून बसते. त्याचे वरचे टोक पृष्ठभागाखाली पाव ते अर्धा आटा उतरले पाहिजे. वर राहिले तर गॅस्केट नीट टेकत नाही. वेटोळे फिरवून बसवण्यासाठी असलेली खालची आडवी दांडी खाचेपाशी टोकणीने एका ठोक्यात तुटते आणि ती चुंबकी काडीने बाहेर काढून पाहिल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये. संचातली टोकणी इतकी मऊ होती की पहिल्या ठोक्यातच तिचे टोक पसरले. टॅप मात्र चांगला निघाला. ड्रिल मी दुसरे, चांगल्या प्रतीचे वापरले.

काही महिन्यांनी गॅस्केटसाठी टॅपेट कव्हर उघडले, तेव्हा दोन्ही बोल्ट हाताच्या ताकदीने सैल झाले आणि वेटोळे जागचे हलले नाही. भोकात बॅटरीचा उजेड टाकला असता तारेवर ऑइलचा तपकिरी थर होता, आटे मात्र एकसंध आणि कडेने धारदार दिसत होते. टॉर्क रेंचचा टक् आवाज पूर्वीच्याच जागी येतो, बोल्ट मऊ पडत जात नाही. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटवर बेल्टचा ताण आणि सतत थरथर असते, तिथे आठ मिलीचे वेटोळे मी लांबीने व्यासाच्या दुप्पट, म्हणजे १६ मिमीचे निवडले होते. खूण करून ठेवलेला बोल्ट अजून तिथेच आहे.

हेड बोल्टचा, म्हणजे इंजिनाचे हेड खालच्या ब्लॉकवर आवळणाऱ्या बोल्टचा, विषय वेगळा आहे. टोयोटाच्या २.४ लिटर २एझेड-एफई इंजिनात ब्लॉकमधले हेड बोल्टचे आटे उपटून येण्याची तक्रार गाजली, कॅडिलॅकच्या नॉर्थस्टार इंजिनाचीही तीच कथा. दोन्हीकडे तारेपेक्षा भरीव बुशच्या आट्यांनी केलेली दुरुस्ती जास्त भरवशाची मानली जाते. तिथे भोके जिग (ड्रिल सरळ धरणारा साचा) लावूनच पाडावी लागतात, कारण एक भोक जरी तिरके झाले तरी हेड सारख्या दाबाने बसत नाही.

ड्रेन प्लगमध्ये अडचण आट्यांच्या ताकदीची नव्हती. एम१४ × १.५ मापाच्या वेटोळ्यासाठी भोकाचा व्यास जवळपास १६ मिमी होतो, त्याच्या कडेला उतार दिला की वॉशर टेकायला चेंबरची अगदी अरुंद पट्टी उरते, आणि तारेच्या मागून ऑइलला वर येण्याची वाटही मिळते. पहिल्या काही आठवड्यांतच प्लगभोवती ओल दिसू लागली. शिवाय हा प्लग दर ऑइल बदलताना निघतो, आणि एकदा तो काढताना तारेचे शेवटचे टोक त्याच्याबरोबर बाहेर आले. आता तिथे वर कॉलर असलेला स्टीलचा भरीव बुश आहे. वॉशर त्या कॉलरवर टेकतो, बुशच्या बाहेरच्या आट्यांना सीलंट लावलेला आहे, आणि त्याचे तळाचे आटे संचातल्या दांड्याने आतून फुगवून चेंबरमध्ये कायमचे अडकवले आहेत. त्यानंतर चेंबरखाली अंथरलेला पुठ्ठा कोरडाच राहिला आहे. तांब्याचा वॉशर मी दर वेळी नवा घालतो आणि टॉर्क मॅन्युअलमधल्या आकड्यापुढे जाऊ देत नाही.