बेबी कॅरिअरच्या जाहिरातीत आम्ही फसलो, तुम्ही फसू नका

लातूरकडच्या सगळ्या नव्या आईबाबांनी वाचावं म्हणून लिहितेय. आठशे रुपये बुडाल्याचा राग आहेच, पण त्या वस्तूत आमचं लेकरू बसवलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

लेकाचं जावळ तुळजापूरला काढायचं ठरलं होतं. तिथे पायऱ्या उतरून देवळात जायचं आणि गर्दी ही अशी. बाबागाडी काही कामाची नाही. मोबाइलवर बेबी कॅरिअरची, म्हणजे बाळाला अंगावर बांधून न्यायच्या पट्ट्यांच्या झोळीची, एक जाहिरात सारखी यायची: ‘सहा प्रकारे वापरा, जन्मापासून तीन वर्षांपर्यंत, पाठ दुखणार नाही.’ ३,४९९ खोडून ७९९ रुपये. व्हिडिओतलं कॅरिअर खरंच चांगलं होतं, जाड कंबरपट्टा, आपल्या उन्हाळ्याला चालेल अशी जाळी. पैसे पार्सल आल्यावर द्यायचे होते. पण कुरिअरवाला पैसे हातात पडल्याशिवाय पार्सल फोडू देत नाही, हे आधीच ध्यानात घ्या.

आतून निघालं ते भलतंच. बाळाच्या बुडाखाली कापडाची चिंचोळी पट्टी, पाय सरळ खाली लोंबणार. बाळाच्या मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार हवा आणि गुडघे बुडापेक्षा जरा वर हवेत. पहिल्या काही महिन्यांत खुब्याचा सांधा नाजूक असतो, म्हणून हे महत्त्वाचं. आपण कडेवर घेतो तेव्हा पाय आपोआप तसेच फाकतात.

सासूबाईंनी बाळाला त्यात बसवू दिलं नाही. आधी पाच किलो पिठाची पिशवी त्यात ठेवायला लावली. मी घरातल्या घरात चालले, जरा वाकले, तर खांद्याचा पट्टा बक्कलातून हळूहळू सरकायला लागला आणि पिशवी एका अंगाला कलली. “अगं, हे तर सुटायलंय की!” त्या ओरडल्या. उलटं करून बघितलं, तर पट्टा एकेरी टाक्याने नुसता टाचलेला. मजबूत कॅरिअरला त्या जागी चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई असते. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, एमआरपी नाही. हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे.

परतीसाठी मेसेज टाकला, तर लगेच फोन आला. गोड बोलून क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, “स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.” मी फोन कट केला. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की आपलेच पैसे जातात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे एकदा बसवून सांगा. असे पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. वेळेत कळवलं तर रक्कम पुढे जायच्या आत गोठवता येऊ शकते. माल खराब निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आमची तक्रार तिथे नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

मग दुकानात बाळाला घेऊनच गेलो. बांधून बघितलं, दुकानातच फेऱ्या मारल्या. वजन खांद्यावर न येता कमरेवर बसलं पाहिजे. बाळाचं तोंड आपल्याला सतत दिसावं, नाक मोकळं असावं, हनुवटी छातीला चिकटू नये, नाहीतर श्वास कोंडतो. मान धरेपर्यंत तोंड बाहेरच्या बाजूला करून बसवायचं नाही, मग जाहिरात सहा प्रकार सांगो नाहीतर दहा. आणि भर उन्हात चांगल्यातलं चांगलं कॅरिअरही नको, बाळ आणि आई दोघं घामाने निथळतात.

तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाच्या पेजवर फिरतोय, किंमत ६९९ लावलीय. कुणी मागवलं असेल, तर आज आधी पिठाची पिशवी ठेवून बघा.