घरचे फोटो कशात ठेवायचे? हार्ड डिस्क, एसएसडी, ब्लू-रे की क्लाउड

लग्नाचं शूटिंग, मुंज, बारसं आणि मोबाईलमधलं सगळं धरलं तर घरटी तीन-चारशे जीबी सहज होतात. बऱ्याच घरांत याची एकमेव प्रत फोटोग्राफरने दिलेल्या पेनड्राइव्हवरच असते. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक आहे, सांभाळून ठेवायला नाही. बाजारात खोट्या क्षमतेचेही मिळतात. नवा घेतला की 'एच२टेस्टडब्ल्यू' (H2testw) या प्रोग्रॅमने खरी क्षमता तपासा.

खरी निवड आहे हार्ड डिस्क आणि एसएसडीत. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवाली डिस्क, झपाट्याने चालते, हातातून पडली तरी सहसा काही होत नाही. रोजच्या कामाला तीच घ्या. पण तिच्यातला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो. वीज न मिळता ती पडून राहिली की तो भार हळूहळू ओसरतो, उकाड्यात जास्तच. जेडेक (JEDEC) या चिप-उद्योगाच्या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या मापदंडानुसार लेखनक्षमता वापरून संपलेल्या घरगुती एसएसडीने 30 अंशांत विजेविना 1 वर्ष डेटा टिकवला की पुरे. नवी यापेक्षा पुष्कळ जास्त टिकते. तरी कपाटात ठेवून विसरायची ही वस्तू नव्हे.

कपाटासाठी हार्ड डिस्क बरी, आणि स्वस्तही. तिचं दुखणं वेगळं: चालू असताना धक्का बसला की डेटा वाचणारं-लिहिणारं हेड फिरत्या तबकडीवर घासतं. टक-टक आवाज आला तर लगेच काढा, पुन्हापुन्हा जोडून बघू नका. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या 'क्रिस्टलडिस्कइन्फो' (CrystalDiskInfo) प्रोग्रॅममध्ये पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, शून्याच्या वर दिसले की त्याच दिवशी डेटा दुसरीकडे हलवा. लाईट जाते-येते तिथे 2.5 इंचीच घ्या. ती लॅपटॉपच्या यूएसबीवर चालते, म्हणून लाईट गेली तरी कॉपी अर्धवट राहत नाही. 3.5 इंचीला वेगळा अडॅप्टर लागतो. फक्त विंडोजवर वापरणार असाल तर डिस्कचं फॉरमॅट एक्सफॅट (exFAT) ऐवजी एनटीएफएस (NTFS) ठेवा.

आमच्या बेळगाव भागात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा दमट होतात. डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवा. निळी जेल गुलाबी झाली की तापवून कोरडी करायची.

ब्लू-रेची एम-डिस्क ही खास चकती टिकाऊ, पण तिच्या एकाच थराच्या साध्या प्रकारात 25 जीबीच मावतात आणि बर्नर वेगळा घ्यावा लागतो. निवडक अल्बमपुरती ठीक.

क्लाउड आग, चोरी, पुरातून वाचवतो. गुगलचे फुकट 15 जीबी मात्र मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात. 20 एमबीपीएस अपलोडने 200 जीबी चढवायला सलग बावीस तास लागतात. गुगलचं वैयक्तिक खातं 2 वर्षं वापरलं नाही तर ते काढून टाकलं जाऊ शकतं. आजोबांच्या नावाचं खातं असेल तर विशेष लक्ष द्या.

तीन-चारशे जीबीवाल्या घराने वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन 1 टीबी हार्ड डिस्क घ्याव्यात. एक आपल्या घरी बेळगावात, दुसरी कोल्हापूर-पुण्याच्या नातेवाइकांकडे. गणपतीला माणसं येतात-जातात, तेव्हा अदलाबदल करून दोन्हींवर नवे फोटो चढवावेत. क्लाउडवर फक्त निवडक. कॉपीसाठी विंडोजच्या 'रोबोकॉपी' (robocopy) या कमांडला '/ई' (/E) द्या, म्हणजे आतले सगळे फोल्डरही कॉपी होतात. '/एमआयआर' (/MIR) दिलंत तर मूळ फोल्डरमधून चुकून पुसलेला फोटो दुसऱ्या डिस्कवरूनही जाईल.