मफलर घ्यावा की लोकरीचा नेक वॉर्मर?

गळ्याला थंडी लागते ती बहुतेक वेळा कॉलर आणि हनुवटी यांच्यामधल्या फटीतून. मफलर ही फट झाकतो, पण दोन-चारदा मान वळवली, बूट बांधायला वाकलं की वेढा सैल पडतो आणि पुन्हा गुंडाळत बसावं लागतं. विणलेला नेक वॉर्मर म्हणजे बंद नळीच. डोक्यातून एकदा घातला की विसरून जायचं. चालणं, धावणं किंवा हातात काम असेल तर मी डोळे झाकून नेक वॉर्मरच घ्या म्हणेन.

सायकल-दुचाकीवर तर मफलर नकोच. सुटलेलं टोक चाकात जाऊ शकतं. नर्तिका इझाडोरा डंकन १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस इथे वारली ती मोटारीच्या चाकात लांब स्कार्फ गुंतूनच. अर्थात नुसत्या विणकामातून वारा आरपार जातो, त्यामुळे गाडीवर नेक वॉर्मर जॅकेटच्या बंद कॉलरच्या आत हवा, नाहीतर आतून फ्लीसचं अस्तर लावलेला.

दिवसभर आत-बाहेर करावं लागणाऱ्यांना मात्र मफलर सोयीचा. चटकन काढता येतो. नेक वॉर्मर काढताना केस विस्कटतात, चष्मा निघतो, कानातलं अडकतं. बटणांचा घेतला तर हा त्रास वाचतो; फक्त बटणं बाजूला असावीत, मानेमागे आली की रुततात.

खरा विचार करायचा तो धाग्याचा. नेक वॉर्मर आपण नाकापर्यंत ओढतो आणि श्वासाची वाफ सतत त्यात जाते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, उलट तो शोषताना थोडी ऊबही देते. ॲक्रिलिक, म्हणजे लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम धागा, जेमतेम एक-दोन टक्के घेतं. मग वाफेचं पाणी धाग्यांवरच साचतं आणि गार ओलं कापड ओठांना चिकटतं. दोन्ही वापरून पाहिल्यावर मी ॲक्रिलिककडे परत गेले नाही.

लोकर टोचते ही तक्रार खोटी नाही. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं वाकत नाहीत, कातडीत बोचतात. मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचे तंतू बहुधा २४ मायक्रॉनच्या आतले, म्हणून ती गळ्याला सोसते. घेताना तळहाताने चाचपू नका, तिथली कातडी जाड असते. गळ्याला लावून बघा. तरीही खाज आली तर ॲक्रिलिक घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

विणीत मला दोन सुलट-दोन उलटची रिब आवडते: ताणली जाते, परत जागेवर येते, कडा गुंडाळत नाहीत. जाळीदार वीण दिसते सुंदर, पण थंडीला वाट देते. उंची २२ ते २५ सेंटीमीटर असली की नाकापर्यंत पोचतो.

धुण्यात ॲक्रिलिक सरस, मशिनमध्ये टाकलं की झालं. लोकर गरम पाण्यात घुसळली की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून आटते. कोमट पाण्यात हलकं दाबून, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि आडवी पसरून वाळवा. ऋतू संपल्यावर न धुता ठेवू नका; घामाच्या लोकरीला कसर आधी लागते.